सोळा रंगांत नसलेला

हिंगण्याच्या एमआयडीसीत, बिस्किट कारखान्याच्या मागे,
पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही रंग बनवायचो.
लोकांना वाटे ऑइल पेंट.
एकदा एक बुवा रिकामा डबा घेऊनच आला,
फाटकाले लावाले हिरवा द्या म्हणाला.
उमाठे साहेबांनी त्याला बसवलं, चहा पाजला
आणि पडद्यावर हिरवा दाखवला.
तो बराच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला, हे वायते कधी बावा?

वर्णपट ग्राफिक्स. सन सत्त्याऐंशी.
डोकं उमाठ्यांचं,
पैसा अब्बासभाईंचा, इतवारीतल्या नटबोल्टच्या दुकानातला,
आणि हात आम्हा सात बायांचे.
मला घेतलं ते जरीकाम येत होतं म्हणून:
सुईच्या टोकाएवढ्या जागेवर कथिलाचा थेंब ठेवायचा,
तोवर श्वास सोडायचा नाही.
राळेचा धूर केसांत बसून घरी यायचा.
सासू विचारायची, कारखान्यातून आलीस की देवळातून?

कार्ड हातभर लांब. त्यातून सोळा रंग निघत, मोजून सोळा.
एक तपकिरी होता,
पिवळा व्हायला निघालेला आणि वाटेत बिघडलेला.
नारंगी नव्हता.

दिल्लीच्या प्रदर्शनात कोळसा खात्याचे एक साहेब म्हणाले,
नागपूरहून आलात ना? संत्रं दाखवा.
मी नव्हते तिथे. पण ऐकून ऐकून
त्या लॉजच्या पलंगपोसाचा रंगसुद्धा मला माहीत आहे.
उमाठे रात्रभर जागे.
एक ठिपका लाल, शेजारी पिवळा,
खालच्या ओळीत उलट,
असं करत पहाट.
अब्बासभाई आंघोळ करून आले आणि दारातूनच ओरडले,
दिखा, दिखा!
जवळ आले, तर नव्हतं.
त्या साहेबांना सहा हात दूर उभं केलं.
अडीचशे कार्डांची ऑर्डर मिळाली, खाणींच्या नकाशांसाठी.

मे महिन्यात चिप चळायच्या.
सेहेचाळीस डिग्रीला पडद्यावर बर्फ पडायचा.
कूलर लावावा तर खसाच्या ओलीने पिना गंजत,
बंद करावा तर आम्हीच वितळायचो.
उमाठे घडी केलेल्या पेपराने कार्डाला वारा घालत बसायचे,
आजाऱ्याला घालतात तसा.

त्र्याण्णव साली तैवानचं कार्ड आलं.
तळहाताएवढं.
दोनशे छप्पन्न रंग, त्यात नारंगीच डझनभर,
आणि किंमत म्हणाल तर आमच्या कथिलाची.
उमाठे म्हणाले, आपण नवी चिप काढू,
खोली दिसेल अशी, वस्तूमागची वस्तू दिसेल अशी.
अब्बासभाई म्हणाले, त्यांचंच आणू, आपलं लेबल लावू, बायांचे पगार निघतील.
दोघांचंही बरोबर होतं, हीच पंचाईत.
तीन वर्षं एका टेबलावर बसून
दोघं आपापला डबा खात राहिले, न बोलता.
बाजारात म्हणत, भागीदारी असावी तर वर्णपटसारखी.
बाजार लांबून बघत होता.

शेवटच्या दोन महिन्यांचा पगार कार्डांत मिळाला.
माझ्या वाट्याला नऊ.
एक अजून शिलाई मशीनच्या पायाखाली आहे,
डुगडुगत नाही.

नात परवा म्हणाली, आजी, माझ्या फोनात
एक कोटी सदुसष्ट लाख रंग आहेत.
म्हटलं, नारंगी काढ.
तिने अख्खा पडदा भरून काढला,
अगदी काटोलच्या बागेतला.
मी बोट ओलं करून त्यावर थेंब ठेवला, बारीक,
श्वास धरून. सवय जात नाही.
थेंबाच्या भिंगाखाली बघितलं:
लाल. शेजारी मंद हिरवा.
पुन्हा लाल.
पिवळासुद्धा नाही.

उमाठे साहेबांना हे सांगायला हवं होतं.
आणि अब्बासभाईंना दारात उभं करायला.

पदराने काच पुसून फोन परत दिला.
तिला क्लासला उशीर होत होता.